पंगतीतली लाखोळी

मी मुळात भित्री. पाल, वीज, दारात आलेला तारवाला, कशालाही घाबरायला मला वेगळं कारण लागत नाही. लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा आमचे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायचे, "आमच्याकडं चोर येणार नाही, तो यायच्या आधीच ही ओरडते." लोक हसायचे, मीही हसायचे. पण एका भीतीबद्दल मी यांना कधी बोलले नव्हते. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती लाखोळीच्या डाळीची भीती होती.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. तिकडे धान कापायच्या आधी शेताच्या ओल्या बांधीत लाखोळीचं बी नुसतं फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, ती आपली आपण उगवते. मजुराला मजुरीत बरेचदा तीच मिळायची. आमच्या घरीही ती अधूनमधून शिजायची, सोबत भात, भाजी, ताक असायचं, कुणाला काही झालं नाही. पण ज्यांच्या चुलीवर महिनेच्या महिने तिच्यावाचून दुसरं काही चढत नव्हतं, त्यांचे पाय जायचे. माझ्या वडिलांकडे एक गडी होता. धानाचं पोतं एकटा पाठीवर टाकणारा. एका उन्हाळ्यात त्याच्या पोटऱ्या आखडल्या, मग टाचा जमिनीला टेकेनात, मग गुडघे एकमेकांत अडकायला लागले आणि शेवटी हातात दोन काठ्या आल्या. तो माझे लाडच करायचा, बोरं आणून द्यायचा. तरी त्याच्या काठ्यांचा आवाज आला की मी कोठीमागे लपायचे. त्याचं दुखणं मला लागेल असं वाटायचं. लागत नसतं हे कळायला लागल्यावर भीती गेली नाही, ती त्या डाळीवर जाऊन बसली.

आम्ही राहायचो त्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. बाहत्तर सालच्या दुष्काळात तिथल्या मोकळ्या जागेवर बाहेरगावचे लोक येऊन राहिले. कुणी वऱ्हाडातून, कुणी आणखी लांबून. पोती आणि कापसाच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्या. माणसं, बाया दिवसभर गिट्टी फोडायला जायच्या आणि पोरं मागे राहायची. आम्ही दुपारी जेवायला बसलो की ती पोरं कुंपणापाशी येऊन उभी राहायची. मागायची नाहीत. मागितलं असतं तर हाकलता तरी आलं असतं. ती नुसती उभी राहून आमच्या तोंडाकडे बघायची.

आमच्या ओळीत शेवटच्या घरी एक मावशी राहायच्या. विधवा, एकट्या, साठीच्या पुढच्या. डोळ्यांत मोतीबिंदू आणि जिभेला धार. एके दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "रोज सैंपाकाच्या आधी एक मूठ डाळीची, एक मूठ तांदळाची काढाची. माह्या घरी आनून टाकाची. शिजवाचं मी पाहीन."

एवढं सरळ होतं. पण मावशींनी दोन अटी घातल्या. पहिली ही, की जी शिजवायला येईल तिचं लेकरू त्याच पंगतीत बसेल. "जे आपल्या लेकराले वाढाले जीव होत नाही, ते दुसऱ्याच्या लेकराले काहून वाढाचं?" दुसरी अट मुठीची होती. मूठ पदराखाली झाकून आणायची आणि पदराखालूनच पिप्यात सोडायची, डाळीची एका पिप्यात, तांदळाची दुसऱ्या. कुणाची मूठ भरलेली, कुणाची अर्धी, कुणाचे तांदूळ चांगले, कुणाची नुसती कणी, हे कुणी पाहायचं नाही. मावशींच्या स्वतःच्या वाईट दिवसांत कुणीतरी देताना चार लोकांत दाखवून दिलं होतं. ते त्या विसरल्या नव्हत्या.

मला ही दुसरी अट फार आवडली होती. सकाळी मावशींच्या ओसरीवर बायका येत. पदर हलायचा, तेलाच्या रिकाम्या पिप्यात दाणे पडल्याचा आवाज यायचा आणि बाई निघून जायची. रेशनवर तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला चव नव्हती आणि तूरडाळ तर सणावारी बघायची वस्तू झाली होती. तरी पिपे रोज भरायचे. आम्हाला आमचंच कौतुक वाटायचं. दिवाळी झाल्यावर सुरू केलेली पंगत संक्रांत झाली तरी चालू होती.

माझ्याकडे भात आणि वाढप होतं. डाळ निवडायचं काम मावशींनी स्वतःकडे ठेवलं होतं. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण बोटांनी खडा बरोबर काढायच्या. त्यांना त्या कामातून हलवायची कुणाची छाती नव्हती. माझी चार वर्षांची मुलगी रोज पंगतीत बसायची, आपली जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली घेऊन, झोपडीतल्या पोरांच्या मधोमध. घरी जेवायला नखरे करणारी ही बया तिथे दोनदा वरण मागून घ्यायची.

मग एका सकाळी मावशींना ताप भरला. पोरं तर यायची थांबणार नव्हती. मी पिप्यातली डाळ सुपात ओतली आणि उन्हात पायरीवर बसून निवडायला घेतली.

पहिल्या पाखडणीतच माझा हात थांबला. तुरीची डाळ गोलसर असते. सुपात ती होती, मूग, मसूरही होती. त्यांच्यात मिसळलेली काही डाळ मात्र तुरीसारखीच पिवळी, पण चपटी आणि कडांना चौकोनी होती. मी ती बोटांत धरली, उन्हात धरली, दाताखाली चावून पाहिली. लहानपणी ज्या डाळीच्या पोत्यांवर खेळले, ती ओळखायला मला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. ती लाखोळी होती.

विकायला बंदी होती तिला. पण बंदी आहे म्हणून ती बाजारातून गेली नव्हती, फक्त तिचं नाव गेलं होतं. इतवारी बाजाराच्या कुठल्याशा बोळात ती नुसती 'डाळ' म्हणून स्वस्तात मिळते, हे मी ऐकलं होतं. ती आमच्या पिप्यात कोणत्या पदराखालून आली, ते कळायला मार्ग नव्हता. आम्हीच तो बंद केला होता. आणि कधीपासून येत होती? आजच? संक्रांतीपासून? की पहिल्या दिवसापासून? हळद घातल्यावर चुलीवरच्या गंजातलं सगळं वरण सारखंच पिवळं दिसतं.

तोवर पोरं येऊन रांगेत बसली होती. माझी मुलगीही. मी ती डाळ सुपासकट घरात नेऊन ठेवली आणि भातावर कांद्याची फोडणी टाकून तोच वाढला.

"वरन काहून नाही वं काकू?" एक पोरगी म्हणाली.

"संपलं," मी म्हटलं.

"उद्या हाये?"

मी वाकून वाढत होते आणि माझी नजर ताटल्यांवर नव्हती, मांडी घालून बसलेल्या पायांवर होती. किती बारीक पाय होते ते! एक मुलगा चवड्यांवर बसला होता. तो नेहमीच तसा बसतो, की आज बसलाय? पंगत उठल्यावर तो लंगडत गेला असं मला वाटलं. मी त्याच्यामागे धावले, त्याला पकडून तळपाय पाहिला. काटा रुतला होता. काटा बघून इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

घरी आल्यावर मी मुलीला अंगणात उभं केलं आणि खेळ काढला. "पळ बरं त्या पेरूच्या झाडापर्यंत. आता उकिडवी बस. हात न टेकता ऊठ. आता टाचांवर चाल." तिला मजा वाटली. ती पळाली, बसली, उठली आणि मी तिच्या टाचांकडे डोळे फाडून पाहत राहिले. विसाव्या का तिसाव्या वेळी ती धपकन बसली.

"आई, पाय दुखले."

झालं. एवढे शब्द मला पुरे होते. संध्याकाळी हे कचेरीतून आले तेव्हा मी पायरीवर तिच्या पोटऱ्या हातात धरून रडत होते. ते आधी हसले. "दुपारभर पळवशील तर दुखणारच की पाय." मग मी त्यांना गड्याचं सांगितलं. कधी नव्हे ते सगळं सांगितलं, टाचांचं, गुडघ्यांचं, काठ्यांचं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि तिची पावलं दोन्ही हातांत धरून ठेवली. हा माणूस घाबरलेला मी प्रथमच पाहिला आणि त्यामुळे मला आणखीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. मी त्यांना पंगतीतल्या लाखोळीचं सांगितलं. त्यांनी मुलीच्या गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून पाहिली, पाय वाकवले, चालवलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

"आज तरी काही दिसत नाही," ते म्हणाले. "दिवसातून एकदा, तेही दुसऱ्या डाळींत थोडीशी मिसळलेली, आणि सोबत भात. घरी भाजीभाकरी खाते ना? मग घाबरू नका. डाळ मात्र ताबडतोब बंद करा."

"आणि ज्यांना घरी काहीच नसतं ती पोरं?"

"त्यांना घेऊन या, बघू. पण एक लक्षात ठेवा. जे दोन्ही वेळा हीच खातात आणि दुसरं काही खात नाहीत, महिनोन्‌महिने, त्यांचे पाय जातात. आणि गेलेले पाय परत येत नाहीत."

झोपड्यांतली पोरं आम्ही दोन खेपांत नेऊन दाखवली. डॉक्टरांना काही आढळलं नाही. त्यांना एक आमचीच पंगत होती, बाकी जे मिळेल ते, पण त्यात लाखोळी नव्हती. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मला टाकता येईना. पंगतीत वरण बंदच होतं आणि मूठ कुणाची आहे, ते अजून कळलं नव्हतं.

मावशी तापातून उठल्या होत्या. मी त्यांच्यापुढे सूप ठेवलं. त्यांनी डाळीवरून बोटं फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली.

"माह्या हातून गेली वं," त्या म्हणाल्या. "खडे शोधत बसली मी."

"मावशी, आता मुठी उघड्या घ्याव्या लागतीन. डोळ्यादेखत, सुपात."

"नोको." त्या एकदम म्हणाल्या. "बाया येनार नाहीत. मूठ उघडी केली का अर्ध्या घरी बसतीन. मंग लेकराईले काय वाढशीन? हवा?"

"आणि नाही उघडल्या तर काय वाढायचं? हे?"

मी मावशींशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते कळलं. सूप माझ्याकडे ढकलून त्या म्हणाल्या, "उद्या ओसरीवर ठेव सूप."

दुसऱ्या सकाळी ओसरीवर डाळीच्या पिप्याऐवजी सूप होतं आणि सुपाशी मी. मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला त्या एकच वाक्य सांगत होत्या, "डाळ खराब येऊन राहिली बाई, म्हनून पाहून घेतो, राग नोको मानू." बायका बावरल्या. काहींनी पदर बाजूला केला आणि मूठ सोडली. तूर, मूग, कुणाची मसूर. एकीच्या मुठीत पाच-सहा दाणेच होते आणि ती रडायला लागली. मावशींनी तिला जवळ बसवून घेतलं. दोघीतिघी दुरूनच सूप पाहून परत फिरल्या. मावशींना दिसत नव्हतं ते बरं.

मग आमच्याच ओळीतल्या मधल्या घरातली बाई आली. तिचा नवरा मिलमध्ये होता आणि तो काम करायचा ते खातं काही महिन्यांपासून बंद पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिने कधी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. दारात रांगोळी असायची, लेकरांच्या केसांना तेल असायचं. मूठ घेऊन येणारी ती रोजची पहिली. त्या दिवशी तिला उशीर झाला होता. ती सुपापुढे उभी राहिली. पदराखालचा हात बाहेर येईना.

"टाक वं," मी म्हटलं.

"आज राहू दे, उद्या टाकतो."

"टाक ना. सगळ्याईनं टाकली."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं आणि मलाही. मी एवढे दिवस जिच्या शोधात होते ती बाई माझ्यापुढे उभी होती. मनात ठरवून ठेवलं होतं, सापडली की चार लोकांत विचारायचं, आमच्या लेकरांना विष घालायला तुझा हात कसा धजला म्हणून. शब्द ओठांवर तयार होते. तिने हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. चांगली भरलेली मूठ होती. चपटी, चौकोनी, पिवळी डाळ.

"आमच्या घरी हेच शिजते, बाई," ती हळू म्हणाली. "दुसरं काय आनू?"

"कधीपासून?"

"दिवाळीच्या पयलेपासून."

"दोन्ही वखत?"

"एका वखती वरन करतो, एका वखती तिच्याच पिठाची भाकर." मग तिने विचारलं, "काहून? काय झालं?"

तिला माहीत नव्हतं. ती नरखेडकडची, संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखातली. तिकडे लाखोळी पेरत नाहीत. तिने स्वस्त मिळाली ती डाळ आणली होती, शिजवली होती आणि त्यातली पहिली मूठ रोज दुसऱ्याच्या लेकरांसाठी काढली होती.

माझ्या तोंडून एकच प्रश्न आला, "तुह्यी लेकरं?"

"लेकराईले माह्या भावानं नेलं संत्र्याच्या मळ्यात, संक्रांतीच्या आधीच. दोघंच आहोत आम्ही. हे बाहेर कामाले जातेत, कुठं चहा-पाव भेटते. घरी मी एकटीच खातो."

ती वळली आणि ओसरीच्या पायऱ्या उतरली. रोज ती माझ्यासमोरून जायची आणि मी तिला कधी जाताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. पायरी उतरताना तिने भिंत धरली. खाली आल्यावर लुगड्याच्या काठाखाली तिच्या टाचा दिसल्या. त्या जमिनीला टेकत नव्हत्या.

मी ओरडले असणार, कारण मावशी विचारायला लागल्या, काय झालं वं, काय झालं. मी धावत जाऊन त्या बाईचा दंड धरला. तिला वाटलं, मी भांडायला आले.

"माफी कर बाई," ती म्हणाली. "उद्यापासून नाही टाकनार."

"पाय कधीपासून असे करतेत तुह्ये?"

"थंडीनं आखडले. ऊन्ह पडलं का होतीन मोकळे."

डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं आणि ते तिला सांगायचा धीर मला झाला नाही. मी तिला तसंच मावशींच्या अंगणात परत आणलं. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "आजचं वरन कायचं हाये?"

"तूर-मुगाचं."

"मंग तिले बसव."

पंगत मांडायची वेळ झाली होती. झोपडीतली पोरं आली, माझी मुलगी तिची ताटली घेऊन आली. ती बाई मागे मागे सरत होती. "मी कायले? हे तं लेकराईची पंगत हाये. मी देनारी हावो, खानारी नाही." तेच तर झालं होतं. रस्त्यापलीकडच्या पोरांची पोटं आम्हाला कुंपणातून दिसली होती. ही आमच्याच ओळीतली, रोज सकाळी मूठ घेऊन येणारी, रांगोळी काढणारी. ती उपाशी असेल असं आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नव्हतं. माझा सगळा राग तेव्हा कुठे गेला मला ठाऊक नाही.

मी तिच्यापुढे पान मांडलं. तिने बसायला गुडघे वाकवले, ते वाकेनात. मी एका बाजूने धरलं, शिजवायला आलेल्या एकीने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही तिला टेकवलं. पोरं टकामका बघत होती. माझी मुलगी सरकून तिच्या शेजारी बसली.

मी भात वाढला, वरून वरण. ती मान खाली घालून जेवत होती. माझ्या मुलीने वरण मागितलं, तिनेही पान पुढे केलं. मी तिला तिसऱ्यांदा वाढलं.

पंगत संपली. पोरं भराभर उठली, ताटल्या घेऊन नळाकडे पळाली. माझी मुलगी त्यांच्यामागे पळाली.

त्या बाईने दोन्ही हात जमिनीला टेकले, पाय आवळले, जोर केला. पुन्हा केला. मग माझ्याकडे पाहून हसली, ओशाळल्यासारखी.

"उठवतं का वं मले?" ती म्हणाली. "पाय उठूनच नाही राहिले."